अंथरूण पाहून

बी. कॉम., अंतिम वर्ष

ज्याला बोलता येते त्याला शिकवताही येते, असा माझा बरेच दिवस समज होता. या समजाला कारणही तसेच होते. गावच्या मराठी शाळेत असल्यापासून वक्तृत्व स्पर्धा म्हटली की माझे नाव आधी लिहिले जाई. ‘पाणी हेच जीवन’, ‘झाडे लावा, झाडे जगवा’ अशा विषयांवर मी इतकी भाषणे ठोकली आहेत, की भाषणांनी पाऊस पडत असता तर आमच्या तालुक्याची चेरापुंजी झाली असती! घरच्या फडताळात मिळालेल्या सहा ढाली अजून आहेत. आई दर दिवाळीला त्या चिंचेने घासते. त्या ढालींचा मला ऐन वेळी कसा काडीचाही उपयोग झाला नाही, हे सांगण्यासाठी हा लेख.

बेळगावपासून दहा-बारा किलोमीटरवर आमचे गाव. निम्मी घरे मराठी, निम्मी कन्नड. घरात मराठी, शेजारी कन्नड, बसमध्ये दोन्ही, आणि कॉलेजात इंग्रजीची धास्ती, असे माझे भाषाज्ञान. या ज्ञानाला किंमत आहे हे मला कळले ते २०२५ च्या जानेवारीत. शहरातील एका संस्थेने शाश्वत विकासावर तीन दिवसांची कार्यशाळा ठेवली होती. शिकवायला एक जर्मन बाई येणार होत्या आणि त्यांना मराठी-कन्नड दोन्ही जाणणारी दुभाषी हवी होती. हिशेबशास्त्राच्या सरांनी माझे नाव सुचवले. दिवसाला पाचशे रुपये मिळणार होते. खरे सांगायचे तर मी हो म्हटले ते त्या पाचशेला. शाश्वत विकासाशी माझे काही देणेघेणे नव्हते.

बाई साठीच्या घरातल्या. अंगात साधा सुती सदरा, पायात चपला. अनेक देशांत त्यांनी अशा कार्यशाळा घेतलेल्या. आता तीन तास व्याख्यान होणार आणि आपली परीक्षा होणार, म्हणून मी रात्रभर शब्दकोश चाळून गेले होते. पण बाईंनी व्याख्यान दिलेच नाही. पहिल्या दिवशी सगळे श्रोते कॉलेजातले, तेव्हा दुभाषीचे काम नाही, असे म्हणून त्यांनी मलाही एका गटात बसवले आणि आमच्यापुढे एक खेळ मांडला.

त्या खेळाची हकिगत सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतील डेनिस मेडोज हे १९७२ साली निघालेल्या ‘द लिमिट्स टू ग्रोथ’ या पुस्तकाच्या चार लेखकांपैकी एक. पृथ्वी मर्यादित असताना वाढ अमर्याद कशी चालेल, हा त्या पुस्तकाचा प्रश्न. पुस्तक जगभर गाजले, त्यावर वादही पुष्कळ झाले. पुढे मेडोज यांनी ‘फिशबँक्स’ नावाचा खेळ तयार केला. प्रत्येक गट म्हणजे मासेमारीची एक कंपनी. दर वर्षी जहाजे विकत घ्यायची की विकायची, ती खोल समुद्रात पाठवायची, किनाऱ्याजवळ पाठवायची की बंदरातच ठेवायची, हे गटाने ठरवायचे. शेवटी जिची मालमत्ता सर्वांत जास्त ती कंपनी जिंकली.

आमचा गट वाणिज्य शाखेचा. नफा हा आमचा घरचा विषय! पहिल्या वर्षीच आम्ही जहाजे घेतली, दुसऱ्या वर्षी आणखी घेतली. चौथ्या वर्षी आमच्याएवढी जहाजे कोणाकडे नव्हती. कला शाखेच्या मुलांकडे आम्ही दयेने पाहत होतो. सातव्या वर्षी जाळी रिकामी आली. आम्हाला वाटले, गणकयंत्र बिघडले. ते बिघडले नव्हते. समुद्रात मासाच उरला नव्हता. जहाजे आमची, कर्ज आमचे, आणि समुद्र मोकळा.

आता बाई बोलतील, आमचे कान उपटतील, अशी माझी अपेक्षा होती. त्या काहीच बोलल्या नाहीत. शांतपणे उभ्या राहिल्या. ती शांतता मला अजून आठवते. अखेर मागून एक मुलगा म्हणाला, “आम्ही जहाजांवर घसारा लावला, समुद्रावर कोणी लावलाच नाही.” माझ्या अंगावर काटा आला. दोन वर्षे मी घसाऱ्याची उदाहरणे सोडवत होते. यंत्राची झीज मांडायला आम्ही शिकलो होतो. पण ज्याच्या जिवावर यंत्र चालते त्याची झीज कोणत्या रकान्यात मांडायची, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

मग बाईंनी एवढेच सांगितले, की हा नुसता खेळ नाही. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर शतकानुशतके कॉड मासा मिळत होता. तो इतका उपसला गेला, की १९९२ साली सरकारला तेथील मासेमारी बंद करावी लागली आणि तीस हजारांच्या आसपास लोकांचा रोजगार गेला. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली ती बंदी तीस वर्षांहून अधिक टिकली. उठली ती २०२४ मध्ये.

पुढचे दोन दिवस खेड्यांतील बायका होत्या आणि मी दुभाषी होते. बाई एक वाक्य बोलत, मी त्याची पाच करी. मध्येच एक-दोन सुविचार पदरचे घाली. तिसऱ्या दिवशी बाई हळूच म्हणाल्या, “मी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तू प्रश्नातच सांगून टाकतेस, असे मला वाटते.” भाषा कळत नसताना त्यांना हे कसे कळले? त्या बायकांच्या चेहऱ्यांकडे बघत होत्या.

बहुधा त्यामुळेच त्यांनी मला पुढच्या शिक्षणासाठी निवडले असावे. जूनपासून चार महिने, दर शनिवारी संध्याकाळी, संगणकाच्या पडद्यावर प्रशिक्षकांचा वर्ग भरे. जर्मनी, केनिया, नेपाळ, फिलिपाईन्स आणि बेळगाव! घरी मोबाईलला रेंज नाही म्हणून मी गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून बसत असे. पावसात डोक्यावर इरले घेऊन बसले, तर केनियाच्या शिक्षिकेला ते इरले इतके आवडले की अर्धा तास त्याच्यावरच गेला.

या वर्गात मी काय शिकले? पहिली गोष्ट, गप्प बसायला शिकले. प्रत्येकाने वीस मिनिटांचा सराव घ्यायचा आणि नंतर त्याचे चित्रण स्वतः पाहून किती मिनिटे आपण बोललो ते मोजायचे, असा नियम होता. माझी सतरा मिनिटे भरली. उरलेल्या तीन मिनिटांतही “बरोबर ना?” असे मीच विचारत होते. त्यानंतर बाईंनी मला एकच अभ्यास दिला. प्रश्न विचारल्यावर मनात दहा आकडे मोजायचे. सोपे वाटते ना? करून पाहा. सहाव्या आकड्याला जीभ शिवशिवू लागते.

दुसरी गोष्ट, शब्द उसने घेऊ नयेत. एका शनिवारी प्रत्येकाने आपापल्या भाषेतला ‘शाश्वत विकास’ या अर्थाचा शब्द आणून त्याचा अर्थ सांगायचा होता. मराठीत ‘शाश्वत’, कन्नडमध्ये ‘सुस्थिर’. आदल्या दिवशी मी आजीला विचारले, “शाश्वत म्हणजे काय गे?” ती म्हणाली, “देवाचं नाव. दुसरं काय शाश्वत हाय?” तेच मी वर्गात सांगितले. तेव्हा बाईंनी जर्मन शब्दाची कूळकथा सांगितली. १७१३ साली सॅक्सनीतील हान्स कार्ल फॉन कार्लोवित्स या खाणखात्याच्या अधिकाऱ्याने जंगलांवर ग्रंथ लिहिला, त्यात या शब्दाचे मूळ आहे. चांदीच्या खाणींना आणि भट्ट्यांना लाकूड पुरेना, तेव्हा जेवढे उगवेल तेवढेच तोडावे, असा हिशेब त्याने मांडला. म्हणजे हा शब्द जन्मला तो टंचाईच्या पोटी! आपल्याकडे सावकारसुद्धा हेच सांगतो : व्याज खावे, मुद्दल राखावे. शाश्वत विकास म्हणजे काय ते मला त्या रात्री कळले, तेही वाणिज्याच्या भाषेत.

तिसरी गोष्ट अशी, की प्रशिक्षकाने पंगतीतल्या वाढप्यासारखे असावे. सगळ्यांच्या पानांवर लक्ष ठेवावे; स्वतः पानावर बसू नये. हे मला फार पटले होते. वहीत लाल शाईने लिहूनही ठेवले होते. पण वाढप्याचेच पान त्या पंगतीत मांडलेले असेल तर त्याने काय करावे, ते मात्र कोणी सांगितले नव्हते.

आता थोडे घरचे सांगितले पाहिजे. २०२३ साली पावसाने दगा दिला. सरकारने कर्नाटकातील बहुतेक तालुके दुष्काळी जाहीर केले. पुढच्या उन्हाळ्यात बाबांनी सोसायटीचे कर्ज काढून शेतात बोअर मारली. चारशे वीस फुटांवर पाणी लागले. आईने नारळ फोडला, आम्ही पेढे वाटले. आमचा कोबी वाचला. पण पुढच्या महिन्यात बांधापलीकडची, चुलत काकांची विहीर आटली. आजोबांच्या वडिलांनी खणलेली ती विहीर तोवर कधी तळाला गेली नव्हती. काकूंचे म्हणणे, तुमच्या बोअरने आमचे पाणी ओढले. बाबांचे म्हणणे, दुष्काळात सगळ्यांच्याच विहिरी आटल्या. आमच्याकडच्या काळ्या खडकात पाणी साठते ते भेगांमधून. कोणाची भेग कोणाच्या भेगेला मिळाली आहे, ते वरून कसे दिसणार? पण त्या दिवसापासून दोन घरांतले बोलणे बंद झाले. गणपतीला आरतीसुद्धा वेगळी झाली.

प्रशिक्षण संपताना प्रत्येकाने आपल्या गावात एक कार्यशाळा घ्यायची होती. दिवाळीनंतर देवळाच्या सभामंडपात पंचवीस बायका जमल्या; मराठी आणि कन्नड. जहाजे नि समुद्र आमच्या बायकांच्या काय कामाचे? म्हणून मी खेळ बदलला. एका घागरीत शंभर चिंचोके घातले. घागर म्हणजे जमिनीखालचे पाणी. पाच बायकांचा एक गट, असे पाच गट. दर वर्षी प्रत्येक गटाने जास्तीत जास्त दहा चिंचोके मागायचे. किती हवे ते चिठ्ठीवर लिहून द्यायचे, बोलायचे नाही. वर्षाच्या शेवटी पाऊस म्हणून मी तीस चिंचोके घागरीत टाकणार. पाणी कमी पडले तर ज्याची बोअर खोल त्याचा हात आधी, आणि खोलीचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरलेला.

पहिल्या वर्षी पाचही गटांनी दहा-दहा मागितले. पन्नास गेले, पन्नास उरले, पाऊस पडून ऐंशी झाले. दुसऱ्या वर्षी पुन्हा पन्नास. तिसऱ्या वर्षीही पन्नास. बायका खूश होत्या, ओटीत चिंचोके खुळखुळत होते. चौथ्या वर्षी घागरीत चाळीस आणि मागणी पन्नासाची. चार गटांना दहा-दहा मिळाले. पाचव्या गटाने घागरीत हात घातला, तेव्हा बोटे पितळेला लागल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

तो हात काकूंचा होता.

त्यांनी हात बाहेर काढला, पदराला पुसला आणि सरळ माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “खेळ लई चांगला हाय. पण तुझ्या बाची बोअर ह्यात कुठं धरलीस, ते सांग.”

सभामंडपात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. माझ्या पाठ असलेल्या सगळ्या भाषणांपैकी एकही ओठांवर येईना. शिकवल्याप्रमाणे मी दहा आकडे मोजू लागले. पण या वेळी ते शिस्त म्हणून नव्हे, दुसरे काही सुचत नव्हते म्हणून. वाढप्याच्या भूमिकेत राहून “आपण वैयक्तिक बोलायला नको” असे म्हणता आले असते. तसे म्हटले असते तर सगळ्या बायका मान डोलावून घरी गेल्या असत्या, आणि त्या घागरीला पुन्हा कोणी हात लावला नसता.

सात की आठ आकडे झाले असतील. कोपऱ्यातली शेजारची अज्जी आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, “हासिगे इद्दष्टु कालु चाचु.” मला मराठीत सांगावे लागलेच नाही. आमच्या बाजूच्या दोघी-तिघी एकदम म्हणाल्या, “अंथरूण पाहून पाय पसरावेत, तेच की!” कोणीतरी हसले. गाठ थोडी सैल झाली.

मग मी मागे ठेवलेली वही घेतली आणि सगळ्यांसमोर आमच्या बोअरचा हिशेब मांडला. खोली किती, कर्ज किती, मोटार किती वेळ चालते, कोबीचे किती आले. कर्नाटकात दहा हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतपंपाला वीज फुकट, म्हणून विजेच्या रकान्यात शून्य. पाण्याच्या रकान्यातही शून्य. “काकू, बोअरने तुमचे पाणी ओढले का, ते मला सांगता येत नाही. पण आम्ही काढलेल्या पाण्याची किंमत आमच्या वहीत कुठेही लिहिलेली नाही, हे मला दिसतेय,” एवढेच मी म्हणाले. काकू काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या एकीने आपल्या बोअरचे सांगायला सुरुवात केली, मग तिसरीने. पुढचा दीड तास मी जेमतेम दहा मिनिटे बोलले असेन. शेवटी बायकांनीच पुन्हा खेळ मांडला. या वेळी बोलून मागायचे, असा नियम त्यांनीच केला. सहा-सहा चिंचोके घेतले, आणि तीस जाऊन तीस येत राहिले. कितीही वर्षे खेळले तरी घागर शंभरच! एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीला २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते नेमक्या अशा अभ्यासाबद्दल. सामायिक वस्तू वापरणारे लोक एकत्र बसून नियम करू शकतात आणि ते पाळूही शकतात, हे त्यांनी अनेक देशांतील कुरणे, पाट आणि मासेमारीच्या जागा अभ्यासून दाखवले. मी त्यांचे नाव परीक्षेसाठी पाठ केले होते. त्या दिवशी ते माझ्यासमोर देवळात घडत होते.

घरी मात्र वेगळेच घडले. बाबांच्या कानावर आधीच गेले होते. “भाऊबंदांच्या बायकांपुढे घरची वही उघडलीस?” एवढेच ते म्हणाले आणि जेवणावरून उठले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सहा ढाली मिळवणाऱ्या मुलीला बापासमोर एक वाक्य बोलता आले नाही. तिसऱ्या रात्री मी पाणी प्यायला उठले. सोप्यात दिवा होता. बाबा एकटेच जमिनीवर बसले होते आणि त्यांच्यापुढे चिंचोके मांडलेले होते. पन्नास बाजूला काढत, तीस टाकत, पुन्हा पन्नास काढत. मी दारातूनच परतले. तहान भागली नव्हती, पण पुढे जाण्याचा धीर झाला नाही.

पुढच्या शनिवारी मी हे सगळे वर्गात सांगितले. सल्ला मिळेल असे वाटले होते. पडद्यावरची सगळी माणसे गप्प राहिली. सगळेच आकडे मोजत होते! मग जर्मन बाई हसून म्हणाल्या, की त्यांच्याकडेही तीच म्हण आहे. फक्त तिथे थंडी फार, म्हणून अंथरुणाऐवजी पांघरूण. पांघरुणाच्या मापाने अंग ताणावे. आणि मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, “पुढच्या वेळी घागर कोण धरणार?”

मी या प्रश्नावर आठवडाभर विचार केला. उत्तर माझ्यासमोर होते, फक्त तिकडे जायला पाय उचलत नव्हता. अखेर एका रविवारी सकाळी दोरीला दगड बांधून, दोरीवर हाताच्या मापाने गाठी मारून मी काकूंच्या विहिरीवर गेले. कार्यशाळेत ठरलेच होते, की दर रविवारी विहिरींतले पाणी मोजून वहीत लिहायचे. काकूंनी काही न बोलता दोरीचे दुसरे टोक धरले. दगड पाण्याला लागला. गाठी मोजत असताना मागून आवाज आला, “किती?”

बाबा बांधावर उभे होते. बांध ओलांडून ते अलीकडे आले नव्हते. पण दीड वर्षात ते तिथवर कधी आले नव्हते.

“एकोणीस हात,” मी म्हणाले.

“वाढलं की उतरलं?”

“मागचा आकडाच नाही, बाबा. ही आरंभीची शिल्लक.”

ते थोडा वेळ विहिरीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “मग नीट लिहून ठेव,” आणि वळून गेले.

यापुढे दोन्ही घरांचे गोड झाले, असे लिहिता आले असते तर लेखाचा शेवट चांगला झाला असता. पण खोटा आकडा लिहू नये, हे हिशेबाचे पहिले कलम. बाबा आता आठवड्यातून दोन रात्री मोटार लावत नाहीत, एवढे खरे. त्याचा विहिरीला उपयोग होतो की नाही, ते उन्हाळा सांगेल. आमच्या वहीत सध्या फक्त नऊ रविवार आहेत.

माझ्यापुरते मात्र एक उत्तर मिळाले आहे. प्रशिक्षक वाढतो तो त्याला जास्त बोलता येऊ लागते म्हणून नव्हे, आणि त्याने किती देशांतल्या लोकांबरोबर काम केले यावरूनही नव्हे. दुसऱ्याला हिशेब मांडायला सांगण्याआधी आपली वही उघडण्याचा धीर त्याला किती आला, आणि हातातली घागर दुसऱ्याच्या हाती द्यायला तो किती शिकला, यावर ते ठरते. त्या दृष्टीने मी अजून पहिल्या इयत्तेत आहे.

पुढच्या महिन्यात शेजारच्या वाडीत खेळ ठेवला आहे. शंभर चिंचोके धुऊन, वाळवून ठेवले आहेत. घागर काकू धरणार आहेत.